व्याख्येबाहेरची माणसे

७ जुलै, सोमवार

श्यामसुंदर येऊन गेला. महाविद्यालयात तो माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे, आणि त्याला मी कधी चांगले गुण दिल्याचे स्मरत नाही. आता शनिवार पेठेत त्याचा ऑफसेट छापखाना आहे आणि पेठांमधल्या लहान मुद्रकांच्या संघाचा तो अध्यक्ष आहे.

काम असे आहे. शाई बदलताना यंत्राचे रोलर एका द्रवाने धुतात. छापखान्यात त्याला नुसते 'वॉश' म्हणतात. ते स्वस्त असते, शाई चटकन काढते, आणि त्याचा वास खोलीतून जात नाही. वर्षानुवर्षे त्या वासात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या प्रकृतीवर काही दीर्घकालीन परिणाम होतो काय, अशी कुजबुज कामगारांत सुरू झाली आहे. संघाने ठराव केला आहे की रीतसर पाहणी करावी. धोका आढळल्यास सर्व सभासदांनी हे वॉश बंद करावे आणि हवा बाहेर फेकणारे पंखे बसवावेत. न आढळल्यास आहे ते चालू ठेवावे.

"तपासणी डॉक्टर करतील," तो म्हणाला. "पण त्यातनं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते तुम्ही ठरवा. तुमची सही असली की कुणी तोंड उघडणार नाही."

"लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून मी तर्कशास्त्र शिकवत नव्हते."

"मला तेवढंच आठवतंय, बाई."

मी होकार दिला. निवृत्तीनंतर लोक मला समारंभांना बोलावतात, पुष्पगुच्छ देतात आणि रिक्षात बसवून परत पाठवतात. काही ठरवण्यासाठी बऱ्याच काळाने कोणी बोलावले. त्याचा आनंद झाला, हे निदान इथे लिहायला हरकत नाही.

११ जुलै, शुक्रवार

डॉ. दीपमाला यांची भेट झाली. मूळच्या यवतमाळकडच्या, कामगारांच्या व्यवसायजन्य आजारांचा अभ्यास केलेल्या. वयाने तिशीच्या आसपास. हुशार आहेत, पण वाक्य पूर्ण करण्याआधीच पुढच्या वाक्यात शिरतात.

मी प्रथम व्याख्या मागितली. 'मुद्रण कामगार' म्हणजे कोण, हे निश्चित झाल्याशिवाय मोजायचे काय? त्यांना अपेक्षा नसावी. म्हणाल्या, "जे प्रेसमध्ये काम करतात ते, आणि जे पूर्वी करायचे तेही. एक्स-वर्कर्स घ्यायलाच पाहिजेत, बाई."

मी हरकत घेतली. व्याख्येत नको ते शिरले तर अतिव्याप्तीचा दोष येतो. छापखाना सोडलेला माणूस आज रिक्षा चालवत असेल, भट्टीवर काम करत असेल. त्याच्या आजाराचे मूळ वॉशमध्ये की रिक्षाच्या धुरात, हे कोण सांगणार? शिवाय सोडून गेलेल्या माणसाच्या मनात मालकाविषयी अढी असते, आणि अढी ही वाईट साक्षीदार.

"पण ज्याला त्रास होतो तोच सोडून जातो ना," दीपमाला म्हणाल्या. "मग मशीनवर उरतो कोण?"

"त्रास यंत्रामुळेच झाला, हे तुम्ही आधीच धरून चालला आहात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरता येणार नाही."

त्यांनी पेनाचे टोपण लावून टाकले. आक्षेप पटला. शेवटी व्याख्या अशी ठरली: 'जो सध्या छापखान्यात यंत्रावर अथवा यंत्रालगत काम करतो तो.' तिच्यातला एकही शब्द काढता येत नाही आणि एकही घालता येत नाही. बऱ्याच दिवसांनी असे वाक्य लिहिले.

२१ जुलै, सोमवार

पाहणीला प्रारंभ. श्यामसुंदरच्या छापखान्यावरच संघाची खोली आहे. कामगार आळीपाळीने वर येतात. दीपमाला त्यांचे रक्त घेतात, श्वास तपासतात, हातापायांना टाचणी टोचून काही विचारतात.

सुरू करण्यापूर्वी मी खाली एक फेरी मारली. वास तीव्र आहे, पण घाण नाही. पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर. शहाबाज नावाचा तरुण मुख्य यंत्र चालवतो. चिंधी वॉशमध्ये बुडवून तो रोलर पुसत होता. पुसून झाल्यावर त्याच द्रवाने त्याने कोपरापर्यंत हात धुतले, जसे आपण जेवणापूर्वी धुतो.

टिपणासाठी मी त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला. त्याने गठ्ठ्याच्या कोपऱ्याला बोट लावून काढून दिला. वर येऊन पाहते तो दोन कागद एकमेकांना चिकटलेले. तो वर आला तेव्हा मी दुसरा परत केला.

"मी एक मागितला होता. आपण दोन दिलेत. छापखान्यात तरी अचूकपणा हवा."

"घ्या ना, बाई. शेठच्या खात्यातनं गेला."

सगळे हसले. मुलगा हसरा आहे, पण कामात बेफिकीर वाटतो.

२४ जुलै, गुरुवार

आज एक अडचणीचा प्रसंग. पन्नाशीचे एक गृहस्थ आले आणि कामगारांच्या रांगेत उभे राहिले. नाव चांद अत्तार. शहाबाजचे वडील. पूर्वी खालचेच यंत्र चालवत असत.

मी विचारले, "सध्या काय करता?"

"मार्केट यार्डात कांद्याच्या गोदामावर राखण करतो."

"मग आपल्याला घेता येणार नाही. आपण आमच्या व्याख्येत बसत नाही."

"बाई, माझी उमेदीची सगळी वर्षं त्या मशीनवर गेली. वाटलं, तपासतायत तर आपणही तपासून घ्यावं."

मी त्यांना कारण समजावून सांगितले. बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे मी काल मेलो असतो तरी चाललं असतं. नाहीतरी मोजायचं नव्हतंच."

या शहरात असे बोलणे ऐकण्याची मला सवय आहे.

एक विचित्र गोष्ट. जिना उतरताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली आणि ते एका पायाने अनवाणी थेट रस्त्यापर्यंत गेले. शहाबाज चप्पल घेऊन मागे धावला. अपमान जिव्हारी लागला असावा. नियम सर्वांना सारखा, हे अशा वेळी सांगणे कठीण जाते. पण सांगावे लागते. दीपमाला दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलल्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार

निष्कर्ष हाती आले. काही जणांना डोकेदुखी, काहींच्या हातांची त्वचा फाटलेली, एकदोघांच्या बोटांना किंचित बधिरता. यापलीकडे काही नाही. यंत्रावरची माणसे बाहेरच्या माणसांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, धडधाकट निघाली. मला हे अनपेक्षित वाटले, पण आकड्यांशी वाद घालू नये.

अहवालाचा शेवट मी लिहिला: 'प्रस्तुत पाहणीत दीर्घकालीन गंभीर धोक्यास आधार देणारा पुरावा आढळला नाही.' दीपमालांनी त्याच्या पुढे एक वाक्य जोडले होते: 'ही पाहणी केवळ सध्या काम करणाऱ्यांपुरती मर्यादित आहे, जे काम सोडून गेले त्यांच्याविषयी ती काहीही सांगत नाही.' मी ते खोडले. व्याख्या पहिल्याच पानावर दिलेली आहे. तीच गोष्ट शेवटी पुन्हा सांगणे ही पुनरुक्ती आहे, आणि पुनरुक्तीने चांगल्या निष्कर्षाची धार जाते.

"शेवटचंच पान वाचतात लोक," त्या म्हणाल्या.

"तो वाचकांचा दोष आहे."

त्यांनी सही केली. मीही केली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी भाजी घेऊन परतताना शहाबाजने छापखान्याच्या दारातून हाक मारली. बाहेर आला, हात पुसत.

"बाई, एक विचारायचं होतं. मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे जागा आहे. मालाच्या पावत्या, बिल्ट्या लिहायच्या, बसून काम. अम्मी मागे लागलीय, मशीन सोड म्हणून. मला मशीन आवडतं. पण धोका असेल तर सोडतो. तुम्ही खरं सांगा."

"पाहणीत धोक्याचा पुरावा आढळला नाही."

"म्हणजे धोका नाही."

आत यंत्र चालू होते, कोणीतरी त्याला हाक मारत होते. मी मान हलवली. तो खूश झाला. माझी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

'आढळला नाही' आणि 'नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यावरून दुसरे निघत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना जूनमध्येच शिकवत असे. शहाबाजची दुरुस्ती करायला एक वाक्य पुरले असते. यंत्राचा आवाज होता हे खरे. पण तो इतका मोठा नव्हता.

९ सप्टेंबर, मंगळवार

संघाने अहवाल स्वीकारला. पंख्यांचा ठराव मागे घेतला. वॉश चालू राहील. श्यामसुंदरने पेढे पाठवले. अर्धे शेजारी दिले.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

श्यामसुंदरच्या छापखान्यात यंत्राची पूजा असते. त्याच्या वडिलांपासूनची एक रीत तिथे आहे: ज्याचा हात एकदा यंत्राला लागला, तो कायमचा यंत्राचा माणूस. नोकरी सोडली, धंदा बदलला, जात-धर्म कोणताही असला, तरी खंडेनवमीला त्याला निमंत्रण जाते, आणि तो येतो. पहिला हार सोडून गेलेल्यांपैकी एकाने घालायचा. ही रीत मला आजवर ठाऊक नव्हती. माझा सत्कार होता, म्हणून मी गेले.

यंत्र धुऊनपुसून लख्ख केले होते. वॉशच्या वासात झेंडूचा वास मिसळलेला. भिंतीलगत खुर्च्यांची एक रांग, तिच्यावर ही जुनी माणसे बसलेली. मला पुढे, त्यांच्या समोरच बसवले. चहा आला. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने पेला दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरला, बोटे न वापरता. त्याच्या शेजारचा चेहऱ्याने तरणा, पण त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. त्याने पेढा कपाळाला लावून खिशात ठेवला. तिसऱ्याच्या सदऱ्याची बटणे चुकीच्या काजांत होती आणि त्याची बायको ती सरळ करत होती, कोणी बघत नाही असे समजून.

मी बघत होते. दीपमाला माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्याही बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. खोडून काढायला मला काही मिळाले असते.

यंदा हार घालण्याचा मान चांद अत्तारांचा. त्यांच्या चपला काळ्या दोऱ्याने घोट्याला बांधलेल्या होत्या. शहाबाजने हार त्यांच्या हातात दिला. तो निसटला. त्यांना तो निसटल्याचे कळले नाही. रिकामे हात तसेच यंत्रापर्यंत गेले. शहाबाजने हार उचलला, बापाच्या मागे उभे राहून त्यांची दोन्ही मनगटे धरली, आणि दोघांनी मिळून तो घातला. छापखान्यात कोणालाच आश्चर्य वाटले नाही. दरवर्षी कोणाचे ना कोणाचे मनगट असे धरावे लागत असावे.

मग श्यामसुंदर बोलला. माझ्या अध्यापनाविषयी, काटेकोरपणाविषयी. "आपल्या धंद्यात धोका नाही, असा निर्वाळा बाईंनी दिलाय. आता कुणी घाबरायचं नाही." शाल, श्रीफळ. टाळ्या झाल्या. भिंतीलगतच्या रांगेनेही वाजवल्या; ज्यांची बोटे चालत नाहीत त्यांनी तळहात मांड्यांवर आपटले.

'निर्वाळा' हा शब्द माझ्या अहवालात नाही. तरीही मी नारळ घेतला आणि हात जोडले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोने द्यायला येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले आणि आतल्या खोलीत बसून राहिले.

कालच्या रांगेवरून काहीही सिद्ध होत नाही, असे सकाळी स्वतःला बजावले. मूठभर माणसे, कारणे अज्ञात, वये भिन्न. हा युक्तिवाद निर्दोष आहे. दुपारपर्यंत तो मी अनेकदा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी निर्दोष निघाला. दुपारनंतर त्याचा कंटाळा आला.

अतिव्याप्तीच्या उलट दोष अव्याप्ती: ज्याची व्याख्या करायची त्याचाच काही भाग बाहेर राहणे. गाय म्हणजे तांबडे जनावर असे म्हटले की पांढऱ्या गायी गोठ्याबाहेर राहतात. हे उदाहरण मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले आहे की मुले हसत. आता माझी व्याख्या पाहते. कामगार म्हणजे ज्याला अजून काम करता येते तो, असे मी ठरवले. मग त्याला काम करता येते काय, हे तपासले. येते, असे उत्तर आले. आणि त्या उत्तरावर सही केली.

दीपमालांनी हेच तीन शब्दांत विचारले होते: मशीनवर उरतो कोण. मी त्यांना दोषाचे नाव सांगून गप्प केले. नाव बरोबर होते. दोष मात्र माझ्याकडे होता.

६ ऑक्टोबर, सोमवार

कसबा पेठेत चांद अत्तारांकडे गेले. पत्ता शहाबाजला विचारायचे धैर्य झाले नाही. श्यामसुंदरच्या माणसाकडून घेतला. दार त्यांच्या पत्नीने, जुबेदाबाईंनी, उघडले.

"या. घर लहान आहे. तुमच्या व्याख्येत बसतंय का बघा."

"जुबेदा," आतून चांदभाई म्हणाले.

"मी काय वाईट बोलले? बसा म्हटलं."

मी बसले. चहा आला, सोबत खारी. पाहुणचारात उणे नव्हते. तो मला टोमण्यापेक्षा जड गेला. मी क्षमा मागण्याची वाक्ये तयार करून नेली होती. ती उच्चारण्याआधी विचारले की त्रासाची सुरुवात कशी झाली.

"कागदापासनं," चांदभाई म्हणाले. "गठ्ठ्यातनं एक कागद सुटा करतो ना आम्ही, ते बोटाला कळतं. बघावं लागत नाही. एकदा दोन-दोन निघायला लागले. मला वाटलं कागद दमट आहे. शेठशी भांडलो, गोदाम बदला म्हणून. बदललं बिचाऱ्यांनी. तरी दोनच. चपलेचं नंतर. दवाखान्यात म्हणाले साखर असेल. साखर निघाली नाही. मग म्हणाले वय झालं."

"तेव्हा यांचं वय माझा भाऊ आता आहे तेवढंच होतं," जुबेदाबाई म्हणाल्या. "तो अजून कुस्तीच्या आखाड्यात जातो."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. जुलै महिन्यातले दोन कागद, एकमेकांना चिकटलेले. मी परत केलेला दुसरा कागद. त्यावर मी केलेला विनोद. सगळे हसले होते, असे मी इथेच लिहून ठेवले आहे, आणि त्या मुलाला बेफिकीर ठरवले आहे.

ही गोष्ट मी त्या दोघांना सांगितली नाही. सांगायला हवी होती. ती आधी ज्याची आहे त्याला सांगावी, असे मनाला समजावले. तो विचार होता की पळवाट, हे अजून ठरत नाही.

"शहाबाजची ती मार्केट यार्डातली जागा?" मी विचारले.

"भरली ती," जुबेदाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, जा, बसून काम आहे. म्हणाला, अम्मी, बाईंनी सांगितलंय काही धोका नाही. मी म्हटलं, कोण बाई? म्हणाला, त्या कॉलेजात शिकवायच्या, खरं काय आणि खोटं काय ते." त्यांनी माझा कप उचलला. "चहा प्याला नाहीत. साखर जास्त झाली का?"

क्षमेची वाक्ये मी बोलले. बोलताना ती फार नीट बांधलेली वाटली. चांदभाई म्हणाले, "असू द्या." जुबेदाबाई कप घेऊन आत गेल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

श्यामसुंदरला सांगितले की मी अहवालावरची सही मागे घेत आहे.

त्याने आधी दार लोटले. "बाई, ठराव होऊन गेलाय. लोक विचारतील, मग सही केलीत कशाला?"

"चूक केली म्हणून सांग."

"तुम्ही चूक केलीत, हे कोण खरं मानेल? तीच तर पंचाईत आहे. कुणी डॉक्टर चुकला म्हटलं तर चालतं."

"मग सभेत मी स्वतः सांगते. कोणते वाक्य खोडले, तेही सांगते."

तो बराच वेळ टेबलावरच्या नमुन्याच्या पत्रिका सरळ करत बसला. दिवाळीनंतरच्या लग्नांच्या. मग म्हणाला, "पंख्यांना पैसे लागतात म्हणून मी तुम्हाला बोलावलं, असं वाटत असेल तुम्हाला."

"वाटले होते."

"तेही आहे, खोटं कशाला बोलू. पण मीही तिथेच उभा असतो, बाई, लहानपणापासनं. मलाही कुणाकडनं तरी ऐकायचं होतं की काही नाही म्हणून. तुमच्याकडनं ऐकलं. बरी झोप लागली दोन महिने."

त्याला कमी गुण दिले ते योग्यच होते. पण हे उत्तर मी पूर्ण गुणांचे धरते. माझ्या शब्दावर झोपलेला तो दुसरा माणूस. आणखी किती असतील, हे मला ठाऊक नाही.

शेवटी एवढे ठरले. पाहणी पुन्हा होईल, त्याच खोलीत. खंडेनवमीला ज्यांना ज्यांना निमंत्रण जाते, त्या सर्वांना बोलावणे जाईल. इतर छापखान्यांतल्या जुन्या माणसांनाही. सभा त्यानंतर. वॉश तोवर बंद करशील का, असे विचारले. म्हणाला, "दिवाळीचं काम अंगावर आहे." खिडक्या उघड्या ठेवतो म्हणाला. मी आणखी जोर करायला हवा होता काय? केला असता तर खोलीही मिळाली नसती. हे मी आता लिहीत आहे तसे ते पटण्यासारखे दिसते. म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही.

दीपमालांना फोन केला. नवी व्याख्या वाचून दाखवली: 'ज्याचा हात यंत्राला कधीतरी लागला तो.'

"ही तुमची वाटत नाही, बाई."

"माझी नाहीच. त्यांची आहे."

१३ ऑक्टोबर, सोमवार

जुनी माणसे जिन्याने वर आली. काही जण कठड्याला धरून, काही कोणाचा तरी खांदा धरून. चांदभाई सर्वांत पुढे. दीपमालांनी त्यांच्या चपलेचा दोरा स्वतः सोडला आणि पायाला टाचणी लावून विचारले, कळते का. ते छताकडे बघत म्हणाले, "लावलीत का?"

दुपारी जेवणाच्या वेळी मी खाली गेले. खिडक्या उघड्या होत्या. वास तोच होता. शहाबाज एकटाच यंत्रापाशी होता. मी त्याला सांगितले: ऑगस्टमध्ये मी 'आढळला नाही' म्हणाले, तुम्ही 'नाही' म्हणालात, त्या दोन्हींत फरक आहे, तो मला माहीत होता आणि मी गप्प राहिले.

तो चिंधीने हात पुसत राहिला. बोटे एकेक करून, पुन्हा पहिल्यापासून.

"अब्बा म्हणाले, तुम्ही घरी येऊन गेलात."

"ट्रान्सपोर्टवाल्याची जागा गेली, ते कळले. मी दुसरीकडे शब्द टाकते आहे."

"टाका." चिंधी बाजूला ठेवून म्हणाला, "तुमचा शब्द चालतो, बाई. ते बघितलंय मी."

हे मी जसे ऐकले तसे लिहिले आहे. त्यावर भाष्य करण्याचा अधिकार मला नाही.

"तुमची तपासणी जुलैत झाली," मी म्हणाले. "ती पुन्हा करायला हवी. आजच. वर चला."

"जुलैत बोटांना थोडं कमी कळत होतं, तेव्हाच म्हटलं होतं मी डॉक्टरांना. किंचित, असं लिहिलं त्यांनी."

'किंचित' हा शब्द दीपमालांचा नव्हता. त्यांनी लिहिले होते 'बोटांना बधिरता, पुढे तपासावी'. अहवालाच्या भाषेत मी ते बसवले होते.

वर जायला वळलो. नवी टिपणे काढण्यासाठी मला कागद हवा होता; मी न मागताच त्याच्या ते ध्यानात आले. गठ्ठ्याच्या कोपऱ्याला त्याने बोट लावले, नेहमीच्या सवयीने, न पाहता. मग क्षणभर थांबला. काढून माझ्यापुढे धरला, पण सोडला नाही. दुसरे टोक त्याच्याच हातात होते.

"एकच आहे ना, बाई?"

चेहरा हसरा नव्हता. त्याला बघता आले असते. कागद त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याने बघितले नाही. तो मला विचारत होता, ऑगस्टमध्ये विचारले होते तसेच, आणि उत्तर ऐकून त्यावर चालणार होता.

"नाही," मी म्हणाले. "दोन आहेत."